पाटी मराठी झाली, अक्षर कधी होणार?

महाडच्या बाजारपेठेतून एकदा मान वर करून चाला. खड्ड्यांमुळे आपण खाली बघूनच चालतो हे मान्य, तरी एकदा वर बघा. पोलादपूरकरांनी एसटी स्टँडसमोर उभं राहून हाच प्रयोग केला तरी चालेल. नव्या पाट्यांवर इंग्रजी नाव कसं असतं? रुंद, गोलगरगरीत, गुळगुळीत. त्यातला ओ म्हणजे कंपासने काढलेलं वर्तुळ. अक्षराअक्षरात ऐसपैस जागा. आणि त्याच पाटीवरचं मराठी नाव? दोन्ही कान धरून ताणलेलं. काना जाड, शिरोरेषा बारीक, वेलांटी आडवी झोपलेली आणि ळ म्हणजे चेंगरलेली दोन अंडी.

हे गोल-पसरट अक्षर सध्या सगळीकडे आहे. मोबाइलचं दुकान, केक शॉप, सलून, बिल्डरची साइट, अगदी पाणीपुरीची गाडीसुद्धा. त्या अक्षराशी माझं काही वाकडं नाही. इंग्रजीला मापाने शिवलेला सदरा आणि मराठीच्या अंगात तोच ओढूनताणून घातलेला, हा जो कारभार चाललाय त्याच्याशी माझं भांडण आहे. आणि त्याहून मोठं भांडण हे की, असल्याच अक्षरात आता सूचना फलक, धोक्याच्या पाट्या, जाहीर नोटिसा यायला लागल्यात. दुकानाचं नाव वाचायला दोन सेकंद जास्त लागले तर फार तर गिऱ्हाईक पुढे जाईल. घाटात दोन सेकंद जास्त लागले तर गाडी पुढे जाते.

"फॉण्ट तर आहे हो, त्यात काय एवढं?" असं म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचायला हरकत नाही. त्यांच्यासाठीच लिहितोय.

आधी कायद्याचं बघू. दुकानं आणि आस्थापनांचा जो २०१७ चा कायदा आहे, त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानं आधी यातून सुटत होती, ती पळवाट बंद झाली. पाटीवर मराठी नाव देवनागरीत, सुरुवातीला आणि इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको, असा नियम झाला. व्यापारी मंडळी कोर्टात गेली. शेवटी २५ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि राज्यभर पाट्या बदलायची धावपळ झाली. चांगलं झालं. मराठी मुलखात मराठी पाटीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागते हे वाईट, पण निकाल चांगला झाला.

आता गंमत बघा. कायदा बोलतो अक्षराच्या आकाराबद्दल. फ्लेक्स करणारा ऑपरेटर कम्प्युटरवर काय करतो? इंग्रजीला जो आकडा, तोच आकडा मराठीला. झालं, कायदा पाळला. पण ज्याने आयुष्यात एकदा तरी पाटी रंगवली आहे त्याला विचारा, आकडा सारखा म्हणजे अक्षर सारखं होतं का? इंग्रजी कॅपिटल अक्षराच्या वर काही नाही आणि खाली काही नाही. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, चंद्रबिंदू, आणि खाली उकार, ऋकार. एवढं सगळं बिऱ्हाड त्याच घरात बसवायचं म्हटल्यावर मधलं मूळ अक्षर लहान होणारच. म्हणजे आकडा सारखा ठेवला की मराठी डोळ्यांना लहानच दिसतं. तपासायला आलेल्या साहेबाला सारखं, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला लहान.

मग मालक म्हणतो, "दादा, मराठी जरा किरकोळ दिसतंय, मोठं करा ना." उंची वाढवायला पाटीत जागा नसते, कारण ती इंग्रजीने खाल्लेली असते. मग ऑपरेटर माउसने अक्षराची कड पकडतो आणि आडवं खेचतो. बस्स. अशा रीतीने मराठीला "रुंद, मॉडर्न लूक" मिळतो.

या खेचण्यात नेमकं काय बिघडतं ते समजून घ्या, कारण एकदा समजलं की मग जिथे तिथे दिसायला लागतं. अक्षर आडवं ताणलं की उभ्या रेघा जाड होतात, आडव्या आहेत तेवढ्याच राहतात. देवनागरीत काना उभा, शिरोरेषा आडवी. म्हणजे काना खांबासारखा फुगतो आणि ज्या शिरोरेषेवर सगळं अक्षर लटकलेलं असतं ती दोरीसारखी बारीक राहते. वर्तुळाचं अंडं होतं. टिंबाची गोळी चपटी होते. खराखुरा रुंद फॉण्ट असा तयार होत नाही. तो काढणारा माणूस प्रत्येक अक्षर नव्याने रुंद काढतो, उभ्या-आडव्या रेघांची जाडी डोळ्याला सारखी दिसेल अशी ठेवतो, आतली पोकळी मोकळी ठेवतो. महिनोन्‌महिन्यांचं काम असतं ते. माउसने एका झटक्यात होत नाही.

आणखी एक पाप म्हणजे अक्षरांत अंतर टाकणं. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी जमिनीवर उभी असतात, त्यांच्यात अंतर वाढवलं तर ती ऐटबाज दिसतात. आपली अक्षरं पावसाळ्यात पडवीच्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी आहेत, वरची दोरी एकच. अंतर टाकलं की दोरीचे तुकडे होतात. "म हा ड" असं तुटक लिहिलेलं बघितलं की मला वाटतं कोणीतरी उचकी लागलेल्या माणसाकडून गावाचं नाव वदवून घेतलंय.

बरं, हे गोल अक्षर आलं कुठून? जर्मनीत पाउल रेनर नावाच्या माणसाने फ्यूचुरा नावाचं टाइप काढलं. वर्तुळ, चौकोन, त्रिकोण यांच्यातून घडवल्यासारखं अक्षर. ते बाजारात आलं १९२७ साली. महाडकरांना १९२७ साल वेगळं सांगायला नको, २० मार्चला चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं ते हेच साल. दोन्हीचा एकमेकांशी संबंध नाही, साल लक्षात राहावं म्हणून सांगितलं. तर त्या फ्यूचुरातही गोल अक्षर निव्वळ कंपासचं नाही. जिथे गोल भाग दांड्याला मिळतो तिथे रेघ किंचित बारीक केलेली आहे, नाहीतर डोळ्याला तिथे काळा डाग दिसतो. म्हणजे भूमितीच्या भक्तानेसुद्धा शेवटचा निर्णय डोळ्यावर सोडला. पुढे शंभर वर्षं या घराण्याची पिल्लं जगभर फिरली. गूगलने २०१५ मध्ये आपलं नाव अशाच गोल अक्षरात लिहायला घेतलं, त्याच सुमारास बाकीच्या कंपन्याही त्या वाटेला लागल्या, आणि ती फॅशन मोबाइलच्या डब्यावरून आपल्या बाजारपेठेत उतरली.

काही जुनी मंडळी म्हणतील, हे गोल-बिल आपलं नव्हेच, देवनागरी म्हणजे बोरूची, जाड-बारीक वळणाची. मला हेही पटत नाही. मुंबई-गोवा हायवेवरून महाडला येताना गांधारपाले लेणी वर दिसतात. रोज दिसतात म्हणून आपण बघत नाही. तिथे ब्राह्मी लिपीतले लेख कोरलेले आहेत. ही ब्राह्मी तिच्या जुन्या रूपात कशी होती माहिती आहे? ठ म्हणजे नुसतं वर्तुळ. थ म्हणजे मधे टिंब असलेलं वर्तुळ. क म्हणजे अधिकचं चिन्ह. एकाच जाडीची रेघ, शिरोरेषा नाही, फुलं-पानं नाहीत. अशोकाच्या काळापासून या देशात भूमितीची अक्षरं दगडात उठून दिसत होती, आणि देवनागरी त्याच ब्राह्मीच्या पोटची. तेव्हा गोल अक्षर परकं आहे असं कोणी सांगू नये. आपल्या ठ, ढ, ट, द, ळ, छ या अक्षरांच्या अंगातच गोलाई आहे. नीट काढलेला गोल, रुंद ठ दुकानाच्या पाटीवर जेवढा भारदस्त दिसेल तेवढा इंग्रजीतला ओ सात जन्मांत दिसणार नाही.

फक्त "नीट काढलेला" पाहिजे. आणि असे फॉण्ट नाहीत, ही सबब आता चालत नाही.

इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स घ्या. २०१४ च्या सुमाराचा. त्यातली देवनागरी निनाद काळे यांनी काढली, इंग्रजी अक्षरं जॉनी पिनहॉर्न यांनी. देवनागरीही वर्तुळावर बेतलेली, इंग्रजीही. आणि आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यात इंग्रजी कॅपिटल अक्षरं देवनागरीपेक्षा थोडी बुटकी ठेवली आहेत. म्हणजे दोन्हीला सारखा आकडा दिला तर मराठी लहान पडत नाही. कायदा ज्याची अपेक्षा करतो ते इथे कारागिराने आधीच करून ठेवलंय. आणखी जाडजूड, गुबगुबीत, लाडिक अक्षर हवं असेल, केक शॉप किंवा खेळण्यांच्या दुकानासाठी, तर मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा बालू आहे. जंगल बुकातल्या अस्वलाचं नाव, आणि अक्षर तसंच अस्वलासारखं, गोल आणि वजनदार. त्यांचाच मोदक म्हणून एक आहे, इतका फुगलेला की आतल्या पोकळ्या नुसत्या चिरा राहिल्यात. पाटीवर एखादाच शब्द असेल तर मजा येते. आणि साधं, सरळ, वाचनीय हवं असेल तर त्यांचाच मुक्त आहे, बारीकपासून जाडजूडपर्यंत सात वजनांत. हे सगळे फुकट आहेत. चोरीचे नाहीत, रीतसर मोकळ्या परवान्याचे. इंटरनेटवरून उतरवायचे आणि वापरायचे. ऑपरेटरचा एक रुपया जास्त जात नाही, मालकाचाही नाही. म्हणून "आम्हाला परवडत नाही" हे उत्तर मी ऐकणार नाही.

याउलट पाट्यांवर सध्या काय असतं? कम्प्युटरसोबत आलेला मंगल. र. कृ. जोशी हे फार मोठे अक्षरकार, त्यांनी तो काढला कम्प्युटरच्या पडद्यावर बारीक आकारात वाचता यावा म्हणून. तो दहा फुटी पाटीवर ताणून लावायचा म्हणजे होडीच्या वल्ह्याने भात कालवायचा. नाहीतर मग कुठला तरी जुना फॉण्ट, ज्यात मजकूर एका कम्प्युटरवर मराठी दिसतो आणि दुसऱ्यावर उघडला की चिन्हांचा कचरा. त्या कचऱ्यातून हाताने दुरुस्त्या करता करता अक्षरं गळतात.

गळणाऱ्या अक्षरांत पहिला बळी ऱ्य चा. शेतकऱ्यांना, कर्मचाऱ्यांना, दुसऱ्या, पायऱ्या. हा अर्धा र मराठीचा खास आपला आहे, आणि फ्लेक्सवर त्याचा सर्रास रफार होतो. "शेतकर्यांना आवाहन". कुठल्याही पक्षाचा बॅनर काढा, हेच. इंग्रजी पाट्यांना काळं फासायला जे पुढे असतात त्यांच्याही बॅनरवर हेच. पोलादपूर तालुका दऱ्याखोऱ्यांचा, पण फ्लेक्सवर त्या दऱ्यांचा दर्या होतो. सह्याद्रीच्या कुशीत समुद्र आणून ठेवलाय आपल्या ऑपरेटरांनी, आणि ज्यांनी मजकूर तपासून सही केली त्यांनीही.

मग ल आणि श. मराठी ल ला दोन पाकळ्या असतात, उजवीकडे दांडा नसतो. दांड्याचा ल हिंदीचा. श चंही मराठी रूप वेगळं. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श हे स्पष्ट केलं. शाळेत पोरांना तो शिकवायचा, आणि शाळेच्याच पाटीवर मात्र दांड्याचा. (तुम्ही हे मोबाइलवर वाचताय, तर तुमच्या पडद्यावरही ल बहुतेक दांड्याचाच दिसत असेल. मोबाइलला मराठी आणि हिंदी एकच वाटतात. तो वेगळा लढा.) चांगल्या फॉण्टांत मराठी रूपं आत दिलेली असतात, फाइलची भाषा मराठी निवडली की ती बाहेर येतात. पण ती निवडायला ऑपरेटरला कोणी सांगितलंय का? त्याला दोष किती द्यायचा? दिवसाला वीस वाढदिवस, चार श्रद्धांजल्या आणि दोन उद्घाटनं छापणारा पोरगा तो. त्याने शिकावं अशी सोय कोणी केली नाही, आणि त्याच्याकडून काम घेणाऱ्यांनी कधी मागणीही केली नाही.

इथवर दुकानांचं झालं. दुकान ज्याचं त्याचं, शेवटी त्याची मर्जी. आता सरकारी पाटीकडे येतो, कारण तिथे मर्जीचा प्रश्न नाही.

आपले दोन तालुके कसले आहेत हे आपण जाणतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल गेला, गाड्या आणि माणसं घेऊन गेला. २८ जुलै २०१८ ला आंबेनळीत बस कोसळली, तीस माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला तळिये दरडीखाली गेलं, त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं घेतली आणि महाड शहर पाण्याखाली होतं. पाटी चांगली असती तर हे टळलं असतं असा दावा मी अजिबात करत नाही. दरड पाटी वाचत नाही. पण ज्या मुलखात इतकं घडलंय तिथे धोक्याची पाटी म्हणजे शोभेची वस्तू नव्हे, एवढं तरी मान्य कराल?

मग ती पाटी वाचणार कोण, कधी? रात्री, पावसात, धुक्यात, वायपर चालू असताना, समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश डोळ्यावर असताना. घाट ओळखीचा नसलेला ड्रायव्हर. महाबळेश्वरला निघालेलं कुटुंब, भोरला निघालेला टेम्पो. अशा वेळी गोल-पसरट अक्षर दगा देतं, आणि का देतं त्याचं साधं गणित आहे. पाटीची रुंदी ठरलेली. दीडपट रुंद अक्षर त्याच पाटीत बसवायचं तर उंची दोन तृतीयांशावर आणावी लागते. लांबून वाचायला मदत होते ती उंचीची आणि आतल्या मोकळ्या पोकळीची. म्हणजे रुंदीच्या हौसेपायी तुम्ही अक्षर पन्नास-साठ पावलं जवळ आल्याशिवाय वाचता येणार नाही असं करून ठेवता.

दुसरं असं की सगळी अक्षरं एकाच वर्तुळातून काढली की ती एकमेकांसारखी दिसायला लागतात. घ आणि ध. भ आणि म. ब आणि व. यांच्यातला फरक एखाद्या छोट्या गाठीचा, एखाद्या तिरप्या रेघेचा असतो. कागदावर हातभर अंतरावरून तो दिसतो. पावसात शंभर फुटांवरून भोरचा मोर होतो, घाटाचा धाट होतो, बिरवाडीची विरवाडी होते. आपण इथले, म्हणून अंदाजाने वाचतो. पाटी आपल्यासाठी नसतेच, ती नवख्या माणसासाठी असते. आकड्यांतही तेच, १ आणि ९ यांची गाठ बुजली की पंचाईत. नदीच्या पातळीच्या फलकावर तसं झालं तर काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

ब्रिटनमध्ये १९५८ साली प्रेस्टनचा बायपास झाला, त्यांचा पहिला मोटारवे. त्याच्या पाट्यांसाठी जॉक किनेर यांना बोलावलं, मार्गारेट काल्व्हर्ट त्यांच्या जोडीला. त्यांनी त्या कामासाठी अक्षरच नवीन काढलं, रस्त्यावर लावून बघितलं, दुरुस्त केलं, आणि मग ते देशभर गेलं. आजही चालू आहे. तिथे कोणी असं म्हणालं नाही की गेल्या आठवड्यात केक शॉपला वापरलेला फॉण्ट कम्प्युटरवर आहेच, तोच टाकू. आपल्याकडे हायवेच्या मोठ्या हिरव्या-निळ्या पाट्यांना निदान नियम आहेत. खरा गोंधळ त्या खालच्या पाट्यांचा. घाटातल्या वळणावर तात्पुरता म्हणून लावलेला फ्लेक्स, दरडप्रवण वाडीच्या तोंडाशी लावलेला फलक, पावसाळ्यात वरंधा घाट बंद असल्याची सूचना, स्थलांतराच्या शाळेचा बाण. हे सगळं शेवटी कुठल्यातरी फ्लेक्सच्या दुकानातच छापलं जातं. आणि तिथे वाढदिवसाचा आणि दरडीचा फॉण्ट एकच असतो.

अक्षराची ही समज आपल्याकडे कधी नव्हतीच असंही नाही. एसटीची जुनी पत्र्याची पाटी आठवा. पेंटरने ब्रशने लिहिलेली, पिवळ्यावर काळी नाहीतर पांढऱ्यावर लाल. अक्षर ठसठशीत, उभट, एकमेकांना खेटून पण न चिकटता. ज्या म्हाताऱ्या माणसांना धड वाचता येत नव्हतं तीही लांबून "ही आपली गाडी" म्हणून ओळखत, कारण शब्दाचा आकार डोळ्यात बसलेला असे. त्या पेंटरांनी कुठल्या आर्ट स्कूलची पायरी चढलेली नव्हती. पण जागा किती, वाचणारा किती लांब, नाव किती लांबलचक, याचा हिशेब ब्रश उचलायच्या आधी झालेला असायचा. नाव लांब असेल तर ते अक्षर बारीक करत, पण मात्रा चेंगरू देत नसत. मुंबईत कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं अशी काढली की जाहिरातीतल्या नुसत्या अक्षरांवरून नाटक विनोदी की गंभीर ते कळायचं. ते गेले जुलै २०२० मध्ये. त्यांच्या हातात गोल अक्षरही होतं, पसरटही होतं, पण प्रत्येक वेळी ते नव्याने काढलेलं होतं. आपल्याकडचे पेंटर फ्लेक्स आल्यावर काय करायला लागले? कुणी रंगकामाला लागले, कुणी रिक्षा घेतली, कुणी मुंबईला पोराकडे. त्यांच्याकडची समज कोणी लिहूनही ठेवली नाही.

आता आक्षेप. "पुरात दुकान धुऊन गेलं त्याला फॉण्टचं काय सांगता?" अगदी बरोबर प्रश्न आहे. पण २०२१ नंतर कित्येक दुकानदारांना पाटी नव्याने करावीच लागली, पैसे गेलेच. त्याच पैशात चांगली झाली असती. कोणी शेठला जास्त खर्च करायला सांगत नाहीये. दुसरा आक्षेप, "लोकांना आवडतं ते रुंद अक्षर." आवडू दे की. मलाही आवडतं. बालूत लिहा, पॉपिन्समध्ये लिहा, फक्त ताणू नका. तिसरा आक्षेप मला जास्त चीड आणतो, "मराठी असं स्टायलिश दिसतच नाही हो, इंग्रजीच बरं दिसतं." अहो, इंग्रजीला तुम्ही घडवलेलं अक्षर देता आणि मराठीला ओढलेलं, आणि वर मराठीला नावं ठेवता! पोराला उपाशी ठेवायचं आणि अंगाने धरत नाही म्हणून त्यालाच बोलायचं, तसलं हे.

मागणी काय, ते सरळ सांगतो. नगरपरिषद, नगरपंचायत, पंचायत समिती आणि ग्रामपंचायती यांनी पाट्यांचं काम देताना कामाच्या आदेशातच दोन ओळी घालाव्यात. अक्षर ताणलेलं चालणार नाही, आणि फॉण्ट मराठी रूपांसह असलेला वापरावा. धोक्याच्या आणि सूचनेच्या पाटीसाठी एकच साधा, वाचनीय फॉण्ट ठरवून टाकावा. मुक्तसारखा कोणताही चालेल, गोल-पसरट तेवढा नको. बिल मंजूर करायच्या आधी कोणीतरी ती पाटी संध्याकाळी, रस्त्याच्या पलीकडून वाचून बघावी. यात समिती नको, सल्लागार नको, निधी तर नकोच. मंडळांनी, पक्षांच्या शाखांनी आपापल्या बॅनरपासून सुरुवात केली तर आणखी बरं. मराठीचा झेंडा आणि "शेतकर्यांना" हे एकाच बॅनरवर शोभत नाही.

फ्लेक्सवाल्या मित्रांनो, तुमच्यावर राग नाही. उलट हे काम तुमच्यापासूनच सुरू होईल. ज्यांना हे फॉण्ट उतरवून, भाषा मराठी करून कसं वापरायचं ते बघायचं असेल त्यांनी मेसेज करा, एका रविवारी दुपारी बसू. चहा माझ्याकडून. आणि ज्यांच्या घरी जुन्या रंगवलेल्या पाट्यांचे फोटो असतील, बाजारपेठेतले, एसटीचे, जत्रेतले, त्यांनी खाली कमेंटमध्ये टाका. पेंटरचं काम आठवत असेल तर तेही लिहा.

पुढच्या वेळी पाटी करायला टाकाल तेव्हा छापायच्या आधी खालची ओळ कॉपी करून ऑपरेटरला पाठवा आणि त्या फॉण्टमध्ये टाइप करून मागा. सगळी आपलीच नावं आहेत, आणि जी अक्षरं फॉण्टला अडतात ती यात बरीचशी आलीत. एकही अक्षर चुकलं, ताणलं गेलं किंवा दुसऱ्यासारखं दिसलं, तर तो फॉण्ट नको म्हणा.

पळचिल, लाडवली, शिवथरघळ, विन्हेरे, पितळवाडी, बिरवाडी, उमरठ, भोर घाट, दरडप्रवण क्षेत्र, रायगडाच्या पायऱ्या, शेतकऱ्यांसाठी सूचना, १ ९ ५ ६